परधर्माभ्यास

परधर्माभ्यास : स्वतःचा धर्म मनापासून पाळणाऱ्या व्यक्तीने दुसऱ्या धर्माचे ग्रंथ, आचार आणि विचार समजून घेण्यासाठी केलेला अभ्यास. विद्यापीठातील धर्मांच्या तौलनिक अध्ययनात अभ्यासकाने आपली श्रद्धा बाजूला ठेवावी, अशी अपेक्षा असते. इथे ती जागच्या जागीच असते. त्यामुळे या अभ्यासातले लाभ निराळे आणि चुकाही निराळ्या.

गीतेतले ‘परधर्मो भयावहः’ (३.३५) हे वचन अशा अभ्यासाविरुद्ध हमखास पुढे केले जाते. त्या श्लोकात धर्म म्हणजे ज्याचे त्याचे विहित कर्म. युद्ध टाकून भिक्षा मागून जगणे बरे, असे म्हणणाऱ्या अर्जुनाला दिलेले ते उत्तर आहे. दुसऱ्यांचे धर्मग्रंथ वाचावेत की नाही, हा प्रश्न तिथे उपस्थितच झालेला नाही.

सर्वसामान्य अनुयायी परधर्माकडे किती वळतो? अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१० मध्ये लोकांना विविध धर्मांविषयी ३२ प्रश्न विचारले. सरासरी उत्तरे निम्मीच, म्हणजे १६, बरोबर आली. नास्तिक व अज्ञेयवादी (२०.९), ज्यू (२०.५) आणि मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक (२०.३) सर्वांत पुढे होते. पवित्र भोजनातली भाकरी व द्राक्षारस प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात ही कॅथलिक चर्चची शिकवण आहे, हे ४५ टक्के कॅथलिकांना सांगता आले नाही. पाहणी एकाच देशातली आहे आणि ती अभ्यास नव्हे तर माहिती मोजते. तरी एक गोष्ट तिच्यातून दिसते : स्वतःचाच धर्म बहुधा ऐकून माहीत असतो, मग दुसऱ्याचा वाचणे दूरच राहिले. अल्पसंख्य गटांना मात्र बहुसंख्यांचा धर्म थोडाफार समजून घ्यावाच लागतो.

विद्वानांची परंपरा जुनी आहे, पण तिच्यात हेतूने नजर ठरवलेली दिसते. ११४३ मध्ये रॉबर्ट ऑफ केटन याने कुराणाचे लॅटिन भाषांतर पुरे केले. फ्रान्समधल्या क्ल्युनी मठाचे प्रमुख पीटर यांना ते इस्लामच्या खंडनासाठी हवे होते. मथळाच ‘खोटा प्रेषित महंमद याचा कायदा’ अशा अर्थाचा होता. पहिले पान उलटण्याआधीच निकाल लागलेला. याउलट मध्य आशियातला मुस्लिम विद्वान अल्-बीरूनी याने १०३० च्या सुमारास भारतावर लिहिलेला अरबी ग्रंथ. त्यासाठी तो संस्कृत शिकला, पतंजलीच्या योगसूत्रांचे अरबी भाषांतर त्याने केले, आणि हे वादासाठी लिहिलेले पुस्तक नाही, असे प्रस्तावनेत बजावले. तो मुसलमानच राहिला. न पटलेल्या गोष्टींवर कडक शब्दांत टीकाही त्याने केली. पण आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच ग्रंथांतून मांडले.

शत्रुत्वाइतकाच स्नेहही घात करतो. मोगल शाहजादा दारा शुकोह याने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदे फारसीत आणवली. कुराणात (५६.७८) उल्लेखलेला ‘गुप्त ग्रंथ’ म्हणजे ही उपनिषदेच, असा त्याचा निष्कर्ष होता. काम फार मोलाचे. याच फारसीवरून झालेल्या लॅटिन भाषांतरातून (१८०१–०२) उपनिषदे युरोपात पोचली. पण ‘सगळे एकच सांगतात’ हे आधीच ठरवून बसले की, जिथे दोन धर्म खरोखर वेगळे बोलतात तिथे कान बंद होतात.

यावरचा जुना उपाय पूर्वपक्षाचा. वादात उत्तर देण्याआधी प्रतिपक्षाचे मत त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात पहिले प्रकरण चार्वाकांना आहे आणि ते चार्वाकांच्याच बाजूने बोलते. गंमत अशी की चार्वाकांविषयी आज जे कळते त्यातले बरेचसे अशा विरोधकांच्या पूर्वपक्षांतूनच हाती आले आहे, आणि ते कितपत प्रामाणिक होते हे सांगायला एकही चार्वाक उरलेला नाही.

मनाई करणाऱ्यांनाही वाचल्याशिवाय राहवत नाही. बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमॉनिडीझ याने मूर्तिपूजकांचे ग्रंथ वाचण्यास आपल्या संहितेत बंदी घातली. पुढे एका पत्रात त्यानेच लिहिले की, अरबीत मिळतील तेवढे असे ग्रंथ आपण वाचले आहेत. कॅथलिक चर्चची निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ ते १९६६ चालली. ती रद्द होण्याच्या आदल्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, जाहीर केले होते.

पद्धतीविषयी. एका वेळी एकच धर्म घ्यावा आणि त्यातलाही संप्रदाय आधी ठरवावा. कोणते बायबल, हा प्रश्न वरवरचा नाही : प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिकांच्या ७३. ग्रंथाची रचना कळल्याशिवाय पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. कुराणातल्या ११४ सूरा (अध्याय) कालक्रमाने नाहीत. फातिहा या छोट्या पहिल्या सूरेनंतर त्या साधारणपणे मोठ्याकडून लहानाकडे लावलेल्या आहेत. दुसरीच सूरा २८६ आयतांची (वचनांची) आहे, मदिनेच्या काळातली, घटस्फोटापासून कर्जाच्या लेखापर्यंत नियम सांगणारी. नवखा वाचक तिथेच अडकतो आणि ‘यात फक्त कायदेच आहेत’ म्हणून पुस्तक मिटतो. शेवटच्या छोट्या, बहुतांश मक्केतल्या सूरा आधी वाचल्या तर सूर वेगळा लागतो. गुरू ग्रंथ साहिबची १४३० पाने मुख्यतः रागांनुसार लावलेली आहेत. त्यात कथा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यहुदी (ज्यू) धर्म तर नुसत्या हिब्रू बायबलवरून कळतच नाही, कारण रोजचा आचार ठरतो तो ताल्मूद (ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा संग्रह) आणि त्यानंतरच्या निर्णयांवरून.

भाषांतरे दोन घ्यावीत : एक अनुयायाने केलेले, एक बाहेरच्या अभ्यासकाचे. जिथे दोघे फुटतात तिथे खूण करावी; बहुधा खरा पेच तिथेच असतो. वीसेक कळीचे शब्द भाषांतर न करता तसेच वहीत ठेवावेत. चीनमधल्या सुरुवातीच्या बौद्ध भाषांतरांत निर्वाणासाठी ताओवाद्यांचा ‘वू-वै’ (अकर्म) हा शब्द योजला गेला. वाचकाला ओळखीचे वाटले, पण अर्थ सरकला. पुढे मूळ शब्दाचा उच्चारच चिनी लिपीत लिहिण्याची पद्धत रुळली. टिपणाच्या वहीत डावीकडे ‘ते काय म्हणतात’ आणि उजवीकडे ‘मला काय वाटते’ असे दोन रकाने पाडावेत. महिन्याभरात उजवा रकाना डाव्यापेक्षा भरलेला दिसला, तर वाचन थांबून वाद सुरू झाला आहे असे समजावे. शेवटी डावा रकाना त्या धर्माच्या जाणत्या माणसाला वाचून दाखवावा. ‘हो, आम्ही असेच मानतो’ हे उत्तर मिळेपर्यंत तो दुरुस्त करत राहावा.

एकाच प्रसंगाचे उतारे शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम अभ्यासकांनी रूढ केली. उतारे अगदी छोटे घेतात. अब्राहामाने पुत्राचा बळी द्यायला निघण्याचा प्रसंग पाहा. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात मुलगा इसहाक विचारतो, ‘होमासाठी कोकरू कुठे आहे?’ बाप नेमके सांगत नाही. कुराणात (३७.१०२) बाप स्वप्न सांगून मुलाचेच मत विचारतो आणि मुलगा म्हणतो, आज्ञा झाली तसे करा. मुलाचे नाव तिथे नाही; मुस्लिम परंपरेत तो बहुतेकांच्या मते इस्माईल. नव्या करारात (इब्रींस पत्र ११.१७–१९) देव मेलेल्यालाही उठवील या अब्राहामाच्या भरवशावर भर आहे. गोष्ट एकच धरून चाललेला वाचक पंधरा मिनिटांत गोंधळतो. त्या गोंधळापासून चर्चा चांगली चालते.

सर्वांत मोठी चूक तुलनेत होते : आपला आदर्श आणि त्यांचा व्यवहार. आपले संत व त्यांचे दंगेखोर समोरासमोर उभे केले की निकाल ठरलेलाच. स्वीडिश बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये स्टॉकहोममध्ये मॉर्मन मंदिराला विरोध होत असताना तीन नियम सांगितले : धर्म समजून घ्यायचा तर अनुयायांना विचारा, शत्रूंना नको, आपल्यातले उत्तम व त्यांच्यातले वाईट यांची तुलना करू नका, आणि ‘पवित्र मत्सराला’ जागा ठेवा, म्हणजे त्यांच्याकडचे काहीतरी आपल्याकडेही असायला हवे होते असे वाटू द्या. तिसरा नियम सर्वांत अवघड जातो.

उलट बाजूची चूक म्हणजे भेटलेला एकच परिचित अख्ख्या धर्माचा प्रवक्ता मानणे. त्याचे घरचे वळण कुठले आणि धर्माचा नियम कुठला, हे दुसऱ्या पंथाच्या माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही.

उपासनेला हजर राहायचे असेल तर पाहुण्याने काय करायचे नाही, ते आधी विचारावे. कॅथलिक मिस्सेला कोणीही बसू शकतो, पण पवित्र भाकर घ्यायला पुढे जायचे नसते. काही दारे बंदच आहेत : मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, पारशी अग्यारीत पारशीतरांना नाही. मॉर्मन मंदिर समर्पणविधीच्या आधी काही दिवस सर्वांसाठी उघडतात. त्यानंतर तिथे बाहेरच्यांना जाता येत नाही.