पहिली गोळी घेतल्यावर मन बदललं तर: गर्भ आपोआप टिकणं आणि 'रिव्हर्सल', दोन्हींत गल्लत करू नका

अबॉर्शनच्या गोळ्यांतली पहिली घेऊन झाली आणि मग मन बदललं, असं होतं. फार जणींचं होत नाही पण जिचं होतं तिच्या हातात तेव्हा वेळ कमी असतो, घरात कुणाला सांगता येईलच असं नसतं, आणि फोनवर शोधायला गेली की दोन वेगळ्या गोष्टी तिला एकच करून सांगितल्या जातात. एक म्हणजे दुसरी गोळी घेतलीच नाही आणि गर्भ टिकून राहिला. दुसरी म्हणजे प्रोजेस्टेरॉन दिलं आणि त्यामुळे पहिल्या गोळीचा परिणाम उलटला, यालाच रिव्हर्सल म्हणतात. शेवट दोन्हीकडे सारखाच दिसतो, प्रेग्नन्सी चालू राहिली, त्यामुळे दुसऱ्याचं श्रेय पहिल्याला किंवा पहिल्याचं दुसऱ्याला सहज जातं, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी गोळ्या काय करतात ते बघू. पहिली मिफेप्रिस्टोन, नेहमीचा डोस 200 मिलिग्रॅम. गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन लागतं आणि ते पेशींच्या आतल्या ज्या रिसेप्टरवर जाऊन काम करतं ती जागा मिफेप्रिस्टोन अडवून बसते, म्हणजे हार्मोन रक्तात असूनही त्याचा उपयोग होत नाही. मग गर्भाशयाचं आतलं अस्तर ढिलं पडायला लागतं. साधारण 24 ते 48 तासांनी दुसरी गोळी, मिसोप्रोस्टॉल. ही गर्भाशयाला कळा आणते, तोंड मऊ करते आणि आतलं सगळं बाहेर टाकते. दोन्ही मिळून सुरुवातीच्या आठवड्यांत 95 टक्क्यांच्या वर काम होतं, आणि दोन्ही मिळूनच होतं, हे महत्त्वाचं आहे.

कारण पहिली गोळी एकटी तेवढी खात्रीची नाहीच. 1980 च्या दशकात फ्रान्समध्ये ती आली तेव्हा सुरुवातीला एकटीच देऊन बघितली होती, आणि पुरेसं काम होत नाही हे दिसल्यावरच तिला दुसऱ्या औषधाची जोड दिली गेली. या जुन्या अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा फक्त मिफेप्रिस्टोन घेतलेल्यांत गर्भ चालू राहण्याचं प्रमाण 8 ते 46 टक्के असं निघालं. एवढा फरक पडतो कारण डोस वेगळे, आठवडे वेगळे. दिवस जितके जास्त तितकी गर्भ टिकण्याची शक्यता जास्त. म्हणजे काहीही उपचार न करता, नुसती दुसरी गोळी न घेता, बऱ्याच जणींची प्रेग्नन्सी तशीही पुढे गेली असती.

आता रिव्हर्सलची बाजू. कल्पना अशी की मिफेप्रिस्टोन जागा अडवून बसलीये तर बाहेरून भरपूर प्रोजेस्टेरॉन द्यायचं म्हणजे ते तिला मागे सारेल. ऐकायला पटतं, आणि ज्यांनी हे सुरू केलं त्यांचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही, जी बाई रडत येते तिला काहीतरी द्यावंसं वाटणारच. पण मिफेप्रिस्टोन त्या रिसेप्टरला प्रोजेस्टेरॉनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटते, त्यामुळे नुसतं तर्काने 'चालेल' म्हणून भागत नाही, करून मोजायला लागतं.

मोजलंय का? अमेरिकेतल्या जॉर्ज डेलगाडो या डॉक्टरांनी 2012 मध्ये अगदी मोजक्या बायकांचा अनुभव छापला आणि 2018 मध्ये मोठा, ज्यात 547 जणींचा हिशोब होता, आणि 48 टक्के जणींत गर्भ टिकला असं म्हटलं. इंजेक्शनने किंवा तोंडावाटे मोठा डोस घेतलेल्यांत आकडा 64 आणि 68 टक्के. हेच आकडे सगळीकडे फिरतात. अडचण ही की तुलनेला प्रोजेस्टेरॉन न घेतलेल्या बायकांचा गट सोबत नव्हताच, जुन्या अभ्यासांवरून 25 टक्के धरले आणि त्याच्याशी तुलना केली. शिवाय मिफेप्रिस्टोन घेऊन एक-दोन दिवस झाल्यावर जिच्या सोनोग्राफीत ठोके दिसतायत तिचा गर्भ पुढेही टिकण्याची शक्यता आधीच जास्त असते, अशाच बायका उपचारात आल्या तर आकडा आपोआप चांगला दिसणार. तेव्हा त्या 48 टक्क्यांतले किती औषधामुळे आणि किती तसेही टिकले असते हे त्या अभ्यासातून सांगता येत नाही.

नीट तुलना करायचा प्रयत्न कॅलिफोर्नियात मिचेल क्रायनिन आणि सहकाऱ्यांनी केला. सर्जिकल अबॉर्शन करायचं ठरवलेल्याच बायका घेतल्या, मिफेप्रिस्टोन दिली, मग अर्ध्यांना प्रोजेस्टेरॉन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 40 जणी घ्यायच्या होत्या, 12 वर अभ्यास थांबवावा लागला. तीन जणींना इतकं ब्लीडिंग झालं की अँब्युलन्सने हॉस्पिटलला न्यावं लागलं, त्यातल्या दोघी औषध नसलेल्या गोळीच्या गटातल्या आणि एक प्रोजेस्टेरॉनच्या. शेवटपर्यंत राहिलेल्यांत प्रोजेस्टेरॉनच्या पाचपैकी चौघींचा गर्भ दोन आठवड्यांनी चालू होता आणि दुसऱ्या गटात पाचपैकी दोघींचा. चार विरुद्ध दोन हे बघून काही लोक म्हणतात बघा सिद्ध झालं, पण पाच-पाच जणींत एक इकडची तिकडे गेली की चित्र बदलतं, एवढ्यावरून होय किंवा नाही दोन्ही म्हणता येत नाही. मला मात्र त्या दुसऱ्या गटातल्या दोघी जास्त बोलक्या वाटतात. त्यांना काहीच औषध मिळालं नव्हतं, त्यांनी प्रोजेस्टेरॉन घेतलं असतं तर दोघींची नावं 'रिव्हर्सल यशस्वी' यादीत गेली असती.

आणि ब्लीडिंगची गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. दुसरी गोळी न घेता नुसतं थांबणं हा बिनधोक मार्ग नाही. अस्तर सुटायला लागलेलं असतं पण गर्भाशय आकसून रिकामं होत नाही, त्यामुळे मधेच अडकल्यासारखं होऊन खूप रक्त जाऊ शकतं. प्रोजेस्टेरॉन घेतलं म्हणून हा धोका गेला असंही नाही.

अजून एक गल्लत होते. आपोआप गर्भपात होण्याची भीती असताना डॉक्टर प्रोजेस्टेरॉन देतात मग इथे का नाही, असं विचारतात. ते वेगळं दुखणं आहे, तिथे रिसेप्टर कुणी अडवलेले नसतात, आणि तिथेही 2019 च्या चार हजारांवर बायकांच्या ब्रिटिश ट्रायलमध्ये सगळ्यांचा मिळून फरक 75 आणि 72 टक्के एवढाच होता, फायदा दिसला तो मुख्यतः आधी आपोआप गर्भपात झालेल्यांत.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 2015 पासून कायदे झाले की अबॉर्शनच्या आधी रिव्हर्सलची माहिती द्यायचीच, तर कोलोरॅडोने 2023 मध्ये उलट दिशेने, हा उपचार रोखणारा कायदा केला. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की या उपचाराला विज्ञानाचा आधार नाही. कायद्यात लिहिलं म्हणून औषध लागू पडतं असं होत नाही.

मग जिने पहिली घेतलीये आणि थांबायचंय तिने काय करायचं? दुसरी गोळी घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा, पहिली किती वाजता घेतली, किती मिलिग्रॅमची, शेवटची पाळी कधी, उलटी झाली का, सगळं खरं सांगा, कुणी रागावेल म्हणून लपवू नका. सोनोग्राफी होईल, ठोके आहेत का बघतील, आणि काही दिवसांनी पुन्हा बघावं लागेल कारण एकदा दिसले म्हणजे टिकलंच असं नाही. कुणी प्रोजेस्टेरॉन देऊ केलं तर थेट विचारा की याने शक्यता वाढते हे कशावरून, आणि खात्री देणाऱ्यापासून सावध राहा. ते दिवस एकटं राहू नका, हॉस्पिटलपासून लांब जाऊ नका. तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि सलग दोन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, ताप उतरत नाही, किंवा पोटात एका बाजूला किंवा खांद्यात जोरात दुखतंय, तर सकाळची वाट बघू नका.

बाळाबद्दल विचारतात तेव्हा: आजवर जे दिसलंय त्यात मिफेप्रिस्टोनमुळे व्यंग वाढतात असं आढळलेलं नाही. मिसोप्रोस्टॉलचं तसं नाही, सुरुवातीच्या महिन्यांत ती पोटात गेली आणि गर्भ टिकला तर हातापायांचे दोष किंवा मोबियस सिंड्रोम, ज्यात चेहऱ्याच्या नसा नीट चालत नाहीत, यांचा धोका वाढतो, एकूण प्रमाण कमी असलं तरी. त्यामुळे दुसरी गोळीही घेऊन झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण मग पुढची तपासणी आणि सल्ला दोन्ही बदलतात.