टायर हाच गाडीचा शेवटचा गिअर

पिकअप ऑफ-रोडसाठी तयार करायची म्हटली की नजर आधी लिफ्ट किटवर जाते, गाडी उंच दिसली पाहिजे, मग त्यात मावतील तेवढे मोठे टायर, आणि गिअरिंगचा विषय निघतो तो सहा महिन्यांनी, चढावर गाडी रडायला लागली की. मला विचाराल तर हा क्रमच उलटा आहे. आधी टायर ठरवा, मग त्या टायरला क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) कुठलं लागेल ते काढा, आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी, तो टायर मडगार्डला न घासता वरखाली होईल एवढीच.

कारण सांगतो. इंजिनमधून निघालेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), जॉइंट शाफ्ट, क्राऊन-पिनियन असा वाढत वाढत चाकापर्यंत येतो आणि तिथं टायर त्याचं ढकलण्याच्या जोरात रूपांतर करतो. टॉर्क भागिले टायरची त्रिज्या, एवढंच सूत्र. त्रिज्या वाढली की जोर कमी झाला, म्हणजे टायर हाही एक गिअरच आहे, फक्त त्याला दात नाहीत.

आकडे घालून बघू. टायरवर 265/70 आर 17 असं लिहिलेलं असतं, त्यातलं 265 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 70 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 70 टक्के, म्हणजे 185.5 मिमी, आणि 17 इंचांची रिम म्हणजे 432 मिमी. खालवर दोन साइडवॉल धरून व्यास झाला 803 मिमी. याच्या जागी 35 इंची टायर टाकला की व्यास 889 मिमी, फरक जेमतेम 86 मिमी, साधारण 11 टक्के, डोळ्यांना काही फार वाटत नाही. पण समजा इंजिनचा टॉर्क 400 न्यूटन मीटर आहे, पहिला गिअर 4.0 चा आणि क्राऊन-पिनियन 3.73 चं (म्हणजे टॉर्क तेवढ्या पटीनं वाढवणारं), तर आधीच्या टायरवर जमिनीला मिळणारा जोर (घर्षणातली घट सोडून) साधारण 14,860 न्यूटन येतो आणि नव्या टायरवर 13,430. गाडीतला एकही नट न हलवता दीड हजार न्यूटनच्या आसपास गेले. म्हणजे 3.73 चं क्राऊन-पिनियन आता 3.37 असल्यासारखं वागतंय.

हायवेला मात्र याचा उलटा भास होतो. तोच वेग, पण आरपीएम कमी, 100 च्या स्पीडला जवळजवळ 200 नं कमी, म्हणून काही जणांना वाटतं की आता मायलेज वाढणार. वाढत नाही, कारण गाडी उंच झालीय, टायर रुंद आणि जड झालेत, हवेचा आणि रस्त्याचा विरोध वाढलाय आणि इंजिनला तो कमी आरपीएमवर ओढायचाय, मग ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स टॉप गिअर टाकतो, काढतो, परत टाकतो, त्याचं काही ठरतच नाही. अजून एक गंमत आहे. जुन्या टायरवर चाक किलोमीटरला साधारण 397 वेळा फिरायचं, आता 358 वेळा फिरतं, आणि गाडीला फक्त फेरेच मोजता येतात, त्यामुळे मीटर 100 दाखवत असतो तेव्हा गाडी 110 नं पळत असते आणि ओडोमीटरही कमीच पळतो. तेव्हा 'मायलेज फार पडलं' असं सांगणाऱ्यांच्या तक्रारीतला थोडा भाग निव्वळ खोटा असतो, गाडी गेली 110 किलोमीटर आणि हिशोब धरला 100 चा!

टायरच्या वजनाबद्दल एक गोष्ट मलाही बरीच वर्षं उलटी वाटायची. मला वाटायचं चाक मोठं झालं की ते फिरवायला त्रिज्येच्या वर्गानुसार जड जात असणार. जडत्व तसं वाढतं हे खरंच, पण मोठं चाक त्याच वेगाला कमी फेरे मारतं, आणि गणित केलं की त्रिज्या दोन्हीकडून उडून जाते. उरतं फक्त वजन. ट्रेडच्या भागातला एक किलो पुढंही जातो आणि गोलही फिरतो, म्हणून वेग पकडताना तो जवळजवळ दोन किलोसारखा मोजला जातो, ब्रेक मारतानाही तसाच, आणि वरून ब्रेकलाही आता मोठ्या त्रिज्येशी झगडायचंय. म्हणून सारख्याच मापाच्या दोन टायरमध्ये चाकामागं पाचसहा किलोचा फरक असेल तर तो मी आधी बघतो, डिझाइन नंतर.

आता क्राऊन-पिनियन. 3.73 ला 1.107 नं (889 भागिले 803) गुणलं की 4.13 येतं, म्हणजे बाजारात मिळणारं 4.10 टाकलं की गाडी होती तशी झाली. गाडीवर विंच (दोरानं गाडी ओढणारं यंत्र), लोखंडी बंपर, मागं सामान असं काही लादणार असाल तर 4.56 पर्यंत जायला हरकत नाही. हे आकडे येतात कुठून ते बघण्यासारखं आहे, 41 दातांचं क्राऊन आणि 11 दातांचं पिनियन म्हणजे 3.73, तेच 41 ला 10 म्हणजे 4.10, आणि 41 ला 9 म्हणजे 4.56. रेशो वाढवायचा म्हणजे पिनियनचे दात कमी करायचे, म्हणजे पिनियन बारीक होतं, म्हणजे ताकद सहन करायला तिथं लोखंड कमी उरतं. फुकट काही मिळत नाही इथं. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही एकदमच बदलायचं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि ट्रान्सफर केस मध्ये चिरडली जाते.

हे काम जमणाऱ्या मिस्त्रीकडं एकदा उभं राहून बघाच. तो क्राऊनच्या तीनचार दातांना पिवळी पेस्ट लावतो, क्राऊनला हातानं थोडा अडसर धरून पिनियन फिरवतो आणि मग दातावर पेस्ट जिथं पुसली गेलीय तो ठसा बघतो. ठसा दाताच्या मुळाशी गेला असेल तर पिनियन फार आत आहे, टोकाकडं असेल तर फार बाहेर, मग सगळं परत खोलायचं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक शिम (पातळ चकती) बदलायची, परत बसवायचं, परत पेस्ट. दात मागंपुढं किती खेळतात तेही डायल लावून मोजतात, साधारण 0.15 ते 0.25 मिमी. हे चुकलं तर गाडी ठरावीक वेगाला शिट्टी वाजवत राहते आणि ती शिट्टी नंतर ऑइल बदलून जात नाही. नवीन गिअर बसवल्यावर पहिल्या दिवशीच लांब पल्ल्याला निघायचं नाही, थोडं चालवा, गार होऊ द्या, परत थोडं, आणि पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात लोखंडाचा चुरा दिसतो.

खडकांवर हळू चालायचं असेल तर वेगळा हिशोब बघतात, क्रॉल रेशो. पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो (हळू चालायचा) रेशो गुणिले क्राऊन-पिनियन. 4.0 गुणिले 2.5 गुणिले 3.73 म्हणजे 37, आणि 4.56 टाकलं की 46 च्या जवळ. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या जीप ग्लॅडिएटर रुबिकॉनमध्ये हा आकडा 84 आहे, म्हणजे इंजिन 84 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं, क्लचवर पाय न ठेवता गाडी चालत्या माणसाच्या मागं राहू शकते.

आणि लिफ्ट? मागं सॉलिड ॲक्सल असलेल्या पिकअपला तुम्ही चार इंच लिफ्ट केली तरी डिफचा गोळा (डिफरन्शियल, ज्यात क्राऊन-पिनियन असतं) जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण तो चाकाच्या मध्यावर असतो आणि लिफ्ट चाकाच्या वर होते. डिफ उचलतो फक्त टायर, तोही व्यासातल्या वाढीच्या अर्धा, आपल्या उदाहरणात 43 मिमी. लिफ्टनं चासी उंच होते, त्यामुळे पुढचा बंपर चढाला टेकत नाही, लांब व्हीलबेसचं पोट उंचवट्यावर बसत नाही, हे फायदे खरे आहेत. बॉडी लिफ्टमध्ये तर चासीही उचलली जात नाही, चासी आणि केबिनच्या मध्ये फक्त ठोकळे.

तोटेही मोजून घ्या. चाकांमधलं अंतर 1600 मिमी आणि गुरुत्वमध्य 700 मिमीवर असेल तर निम्मं अंतर भागिले उंची म्हणजे 1.14. टायर आणि लिफ्ट मिळून गुरुत्वमध्य 100 मिमी वर गेला की तो आकडा 1.0 होतो, आणि आडव्या उतारावर कागदावरचा कलंडायचा कोन 49 अंशांवरून 45 वर येतो. प्रत्यक्षात एक बाजू दबते, म्हणून त्याच्याही बऱ्याच आधी.

शिवाय थरथर. ओळखीतल्या एका पिकअपला लिफ्टनंतर 70 च्या पुढं सीटखाली गुरगुर सुरू झाली, चार वेळा व्हील बॅलन्सिंग झालं, टायर बदलून पाहिले, आणि दोष निघाला जॉइंट शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टला वाकड्या कोनातही फिरू देणाऱ्या सांध्यात. क्रॉस वाकड्या कोनात चालला की एका बाजूनं सरळ फिरवलं तरी दुसऱ्या बाजूला वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, रॉबर्ट हूकनं हे सतराव्या शतकातच ओळखलं होतं. 5 अंशांवर हा चढउतार अर्धा टक्काही नसतो, 15 अंशांवर साडेतीन टक्के. शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे असतील तर एक टोक दुसऱ्याची चूक पुसून टाकतं, पण पाट्याखाली (लीफ स्प्रिंगखाली) ठोकळे घालताना ॲक्सलचा कोन बदलला की ते जुळत नाही. तिथं पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये दोनतीन अंशांची पाचर बसवली आणि गुरगुर बंद झाली.

हे सगळं झाल्यावर एक वस्तू हमखास विसरली जाते. स्टेपनी. जुनी 803 मिमीची स्टेपनी मागच्या एका चाकाला लावून पन्नास किलोमीटर गेलात तर डिफच्या आतले छोटे गिअर, जे फक्त वळणावर फिरायला केलेत, ते सरळ रस्त्यावर पूर्ण वेळ फिरत राहतात. आणि 889 ची घ्यायची तर ती पिकअपच्या खालच्या जुन्या जागेत बसते का, ते लिफ्ट ठरवायच्या आधी टेप लावून बघा.