आजोबांनी विकलेली जमीन, न विकलेलं तेल

१९२४ साली टेक्ससमधल्या मार्टिन काउंटीत एका जोडप्याने आपलं रँच विकलं. खरेदीखतात त्यांनी एक ओळ घातली : सर्व खनिजांच्या आणि खनिजहक्कांच्या ‘अष्टमांशाचा निम्मा’ भाग आम्ही स्वतःकडे राखून ठेवत आहोत. आपल्या जुन्या आणेवारीत मांडायचं तर अष्टमांश म्हणजे दोन आणे, त्याचा निम्मा म्हणजे एक आणा. कोकणातल्या कुठल्याही खोताच्या कारकुनाने हे डोळे मिटून सांगितलं असतं. पण वारसांचा वाद २०२३ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा न्यायालय म्हणालं की या ओळीचा अर्थ आठ आणे असा आहे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी एक आणाच धरला होता.

मला तरी हा निकाल पहिल्या वाचनात चमत्कारिक वाटला. तो पटायला तेलाच्या पट्ट्यांचा, म्हणजे तेल काढण्यासाठी कंपनीला जमीन मुदतीने देण्याच्या करारांचा, शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उलटावा लागतो. अमेरिकेत खनिजहक्क वारशाने मिळालेल्या माणसाच्या हातात कंपनीचा जो छापील पट्टा येतो, त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम कुणाच्या तरी जुन्या भांडणातून आलेलं असतं.

आपल्याला मुळात ही कल्पनाच परकी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार, वेगळी तरतूद नसेल तर खनिजांवर हक्क सरकारचा. सातबारावर नाव असलं तरी खाली तेल लागलं म्हणून शेतकऱ्याला रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या मालातला वाटा, सुरू होत नाही. त्याला जमीन वापरल्याची भरपाई मिळते. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं ते तर समुद्राखाली, तिथे कुणाची खातेफोड असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत मात्र जमिनीचा वरचा थर आणि खालचं खनिज या दोन वेगळ्या मालमत्ता होऊ शकतात. वरची विकून खालची ठेवता येते, खालची विकून वरची ठेवता येते, मुलीला एक आणि मुलाला दुसरी देता येते. ह्यूस्टन-डॅलसकडे घर घेतलेल्या मराठी मंडळींनी आपली कागदपत्रं नीट वाचली, तर खनिजं आधीच्या कुठल्या तरी मालकाने राखून ठेवल्याचं वाक्य पुष्कळांना सापडेल.

याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. १५६८ साली राणी एलिझाबेथ आणि नॉर्थम्बरलंडचा अर्ल यांच्यात केझिकजवळच्या तांब्याच्या खाणीवरून खटला झाला. सोनं-चांदी आणि ती ज्यात मिसळलेली असेल ते धातू राजाचे असं त्यात ठरलं. बाकीच्या धातूंवर जमीनमालकाचा हक्क उरला. इंग्रजी वसाहतींबरोबर हाच कायदा अटलांटिकपार गेला. स्पेनची रीत उलटी होती. १७८३ च्या स्पॅनिश खाण-अध्यादेशात धातूच काय, बिटुमेन (डांबरासारखा पदार्थ) आणि ‘भूमीचे रस’सुद्धा राजाच्या मालकीचे म्हटले होते. टेक्सस आधी स्पेनचं, मग मेक्सिकोचं होतं, त्यामुळे तिथे खनिजं सरकारकडेच राहायची. ती जमीनमालकांना मिळाली ती मिठावरून. ला साल देल रे नावाच्या खाऱ्या सरोवराच्या मालकीवरून वाद पेटला आणि १८६६ च्या राज्यघटनेत टेक्ससने खनिजांवरचा आपला हक्क जमीनमालकांना सोडून दिला. १८७६ च्या घटनेत तेच कायम झालं. टेक्ससमधल्या स्पिंडलटॉप टेकडीवर तेलाचा फवारा उडाला तो १० जानेवारी १९०१ रोजी. तोवर टेक्ससमधले शेतकरी आपल्या पायाखालच्या तेलाचे मालक होऊन बसले होते. मिठाच्या तळ्यावरून सोडलेल्या हक्काची किंमत पुढे किती होईल, हे १८६६ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नसणार.

पट्ट्याची सुरुवात मात्र पेनसिल्वेनियातली. २७ ऑगस्ट १८५९ रोजी टायटसव्हिल गावात एडविन ड्रेकच्या विहिरीला सुमारे ६९ फुटांवर तेल लागलं आणि आसपासच्या खोऱ्यात पट्टे घ्यायला झुंबड उडाली. सुरुवातीचे काही पट्टे मिठाच्या आणि कोळशाच्या खाणींच्या कागदांवरून बेतलेले होते. पण कोळसा जागचा हलत नाही, तेल हलतं. शेजाऱ्याने बांधावर विहीर पाडली तर माझ्या शेताखालचं तेल त्याच्याकडे जाणार. ते कुणाचं? १८८९ मध्ये पेनसिल्वेनियाच्या न्यायालयाने तेल, वायू आणि पाण्याला रानटी जनावरांची उपमा दिली. जनावर माझ्या रानात आहे तोवर माझं, कुंपण ओलांडून गेलं की ज्याने धरलं त्याचं. या ‘धरील त्याचं’ नियमाने मालकाला एकच शहाणपण शिकवलं : शेजाऱ्याच्या आधी उपसा.

आता पट्टा घेणाऱ्या कंपनीची आणि पट्टा देणाऱ्या शेतकऱ्याची घाई एकसारखी नव्हती. कंपनीला शंभर शेतं बांधून ठेवायची असत आणि खोदायची असत दोनचार. शेतकऱ्याला वाटे की आजच खोदा, नाहीतर शेजारचा माझं तेल ओढतो. जुन्या पट्ट्यांत मुदत फार लांब असली की कंपनी काही न करता जमीन अडवून बसायची. मुदत आखूड असली आणि तेल शेवटच्या वर्षी लागलं, तर वाहत्या विहिरीसकट पट्टा संपायचा. या ओढाताणीतून आजची दोन टप्प्यांची मुदत आली. आधी ठरावीक वर्षं, म्हणजे आज बहुधा तीन किंवा पाच, आणि ‘त्यानंतर जोवर तेल वा वायू निघत राहील तोवर’. वारसाने सगळ्यात आधी बोट ठेवावं ते या दुसऱ्या वाक्यावर. आजोबांनी १९५० च्या सुमारास दिलेला पट्टा आजही जिवंत असू शकतो, कारण कुठल्या तरी कोपऱ्यात एक म्हातारी विहीर अजून थेंब थेंब देत असते. तिचं उत्पन्न चालू खर्चाच्या वर आहे का, यावरून टेक्ससमध्ये पिढ्यान् पिढ्या खटले चालले आहेत.

पहिल्या टप्प्यात खोदलं नाही तर शेतकऱ्याला वर्षाला एकरी थोडी रक्कम देऊन वेळ विकत घ्यायची पद्धत पडली. पैसे चुकले की पट्टा आपोआप रद्द, अशा प्रकारचा एक नमुना १९१६ नंतर ओक्लाहोमात रूढ झाला. टल्सातल्या बर्कहार्ट छापखान्याने त्याला आपल्या यादीतला ८८ हा आकडा दिला आणि ‘प्रोड्यूसर्स ८८’ हे नाव इतकं चाललं की जो तो आपल्याला सोयीचा मजकूर छापून माथ्यावर हेच नाव टाकू लागला. ‘८८ नमुन्याचा पट्टा करून देऊ’ एवढ्यावर करार होत नाही, कारण तसा एक ठरलेला नमुनाच नाही, असं टेक्ससच्या न्यायालयाने १९३३ मध्ये सांगून टाकलं. तरीही ते शीर्षक आजच्या छापील पट्ट्यांवर दिसतं. ‘हा सगळीकडे चालतो तोच फॉर्म आहे’ असं सांगत एजंट कागद पुढे सरकवतो, तेव्हा ही छापखान्याची गोष्ट आठवावी. या एजंटाला तिकडे लँडमन म्हणतात. गावोगावच्या कोर्टहाउसमधली जुनी दस्तऐवजांची बाडं चाळून वारस हुडकणं हा त्याचा मुख्य उद्योग.

रॉयल्टीचा दर अष्टमांश, हे मात्र खरंच सगळीकडे सारखं झालं. टेक्ससमध्ये तर विसाव्या शतकात अनेक दशकं अष्टमांशाशिवाय दुसरा दर असतो हेच लोकांना ठाऊक नव्हतं. सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती भडकल्यावर तीन सोळांश, पंचमांश आणि पुढे चतुर्थांश असे दर दिसू लागले. म्हणजे दोन आण्यांचे चार आणे झाले. पेनसिल्वेनियाने १९७९ मध्ये किमान अष्टमांशाचा कायदा केला. पण अष्टमांश कशाचा? वायू वाहून नेण्याचा, दाबण्याचा, शुद्ध करण्याचा खर्च आधी वजा करून उरेल त्याचा, असा हिशोब कंपन्यांनी मांडला आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. दर पाहून खूश झालेल्या कित्येक घरांना खरी रक्कम समजली ती पहिला चेक हातात पडल्यावर.

लुइझियानातल्या क्रॉली गावचे वकील लॉरेन्स पग यांच्या नावाचं एक कलम १९४७ पासून चालत आलं आहे. विहिरीच्या युनिटमध्ये, म्हणजे एका विहिरीसाठी एकत्र जोडलेल्या जमिनींत, आलेली जमीन तेवढी पट्ट्यात अडकावी, बाकीची मुदत संपताच सुटावी, असा त्याचा आशय. छापील नमुन्यात ते सहसा नसतं, मागून घ्यावं लागतं.

जमीन आणि खनिज यांची फारकत दोन वाटांनी पसरली. एक सरकारी : १९१६ च्या कायद्याने गुरं पाळायला ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट दिली, पण खालची सगळी खनिजं केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली. दुसरी वाट मंदीच्या काळातली. तिसाच्या दशकात कर्जापायी हजारो शेतं गेली. जप्त जमिनी पुन्हा विकताना फेडरल लँड बँका निम्मी खनिजं राखून ठेवू लागल्या. ज्यांना जमीन विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं तेही निम्मा हक्क मागे ठेवू लागले, कधी काळी काही निघालं तर मुलांना होईल म्हणून. जमीन परक्याची झाली, मुलं शहरात गेली, कागद ट्रंकेत राहिला.

मग वाटण्या सुरू झाल्या. समजा १६० एकरांतला निम्मा हक्क, म्हणजे ८० एकर राखले. चार मुलांत प्रत्येकी २०. त्यातल्या एकाला पाच मुलं, प्रत्येकी ४. आज विहीर १,२८० एकरांच्या युनिटवर आहे आणि रॉयल्टी अष्टमांश. या नातवाचा वाटा होतो ०.०००३९०६२५. विहिरीने महिन्याला एक लाख डॉलरचा माल विकला तर याच्या हातात ३९ डॉलर, तेही खर्च वजा न होता. कोकणातल्या सातबारावर आंब्याच्या एका झाडामागे सतरा नावं पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की खनिज ही स्थावर मालमत्ता असल्याने वारस कुठेही राहत असो, नोंद करून घ्यावी लागते ती खनिज आहे त्याच राज्यात. आजीच्या मृत्यूनंतर ती कुणी केलीच नाही, असं सर्रास घडतं. टेक्ससमध्ये एका सहहिस्सेदाराने इतरांना न विचारता पट्टा दिला तरी तो चालतो. त्यामुळे बाकीच्यांच्या संमतीसाठी कंपनी फार अडून बसत नाही.

वारसा असा शेवटच्या अपूर्णांकापर्यंत विरत गेला की शेवटी मालक कोण हेच कळेनासं होतं. इंडियानाने १९७१ मध्ये त्यावर कडक उपाय केला. वीस वर्षं हक्क वापरला नाही आणि नोंदही केली नाही, तर तो वरच्या जमीनमालकाकडे जाईल. ज्यांचे हक्क गेले ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. फ्रेंच-स्पॅनिश वळणाच्या लुइझियानात तर जमिनीपासून तोडलेला हक्क दहा वर्षांच्या निष्क्रियतेने मरतोच. टेक्ससमध्ये असं काही नाही, तिथे तो कायमचा.

वारशाचा सगळ्यात काळा अध्याय ओक्लाहोमातल्या ओसेज या मूळ अमेरिकी टोळीतल्या लोकांचा. १९०६ च्या कायद्याने जमीन माणसागणिक वाटली गेली, पण खनिजं टोळीच्या सामाईक मालकीत राहिली आणि यादीतल्या २,२२९ जणांना उत्पन्नात प्रत्येकी एक वाटा मिळाला. पॉहस्का गावात एका एल्म झाडाखाली पट्ट्यांचे लिलाव होत. १९२२ मध्ये १६० एकरांच्या एका पट्ट्याची बोली दहा लाख डॉलरांच्या वर गेली. वाटा विकता येत नव्हता, पण वारशाने मिळत होता. म्हणून ओसेज बायकांशी लग्नं झाली आणि मग घराण्यांतली माणसं एकामागून एक मारली गेली. बिगर-ओसेज माणसाला असा वारसा घेण्यापासून रोखणारा कायदा १९२५ मध्ये आला, तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता.

आता त्या एक आण्याकडे. १९२४ मध्ये अष्टमांश दर इतका सार्वत्रिक होता की पट्टा दिला म्हणजे आपल्या हाती फक्त अष्टमांश उरतो, असा लोकांचा पक्का समज होता. कायद्याने तो चूक होता, कारण पट्टा संपला की सगळं परत मालकाचं होतं. पण या समजुतीपोटी ‘अष्टमांश’ हा शब्दच सगळ्या खनिजहक्काचं दुसरं नाव होऊन बसला. त्या जोडप्याने ‘अष्टमांशाचा निम्मा’ लिहिलं ते ‘माझ्याकडे आहे त्याचा निम्मा’ या अर्थाने. शिवाय दोन्ही बाजूंनी पुढची अनेक दशकं निम्मं-निम्मं धरूनच व्यवहार केले होते. न्यायालयाने १९२४ ची ओळ १९२४ च्या माणसाच्या कानाने ऐकली.

हाच कान पेनसिल्वेनियात उलटा लागला. तिथल्या एका कुटुंबाच्या १८८१ च्या खतात ‘निम्मी खनिजं आणि पेट्रोलियम तेलं’ राखलेली होती. सव्वाशे वर्षांनी खालच्या मार्सेलस शेल या खडकाच्या थरातल्या वायूला मोल आलं, तेव्हा वारसांनी निम्मा वायू मागितला. न्यायालयाने १८८२ च्या एका निकालाचा आधार घेतला : सामान्य माणूस ‘खनिज’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर धातू असतो, तेल-वायू नसतो. तेल त्या खतात नावानिशी होतं, वायू कुठेच नव्हता. २०१३ च्या निकालानंतर त्या वारसांच्या वाट्याला मार्सेलसमधलं काहीही आलं नाही.