‘बाय अँड लार्ज’ आले कुठून?

‘बाय अँड लार्ज सगळं ठीक आहे,’ असे आपल्याकडे मीटिंगमध्ये मराठी बोलतानाही सर्रास म्हटले जाते. एकंदरीत, बहुतांशी, थोडेफार अपवाद सोडले तर, हा अर्थ सगळ्यांना कळतो. पण ‘बाय’ आणि ‘लार्ज’ सुटे घेतले तर तो निघत नाही. एक शब्दयोगी अव्यय आणि एक विशेषण ‘अँड’ने जोडायला इंग्रजी व्याकरणात जागा नाही. फिलमोर, के आणि ओ’कॉनर या भाषाशास्त्रज्ञांनी १९८८ साली व्याकरणाच्या नियमांत न बसणाऱ्या वाक्प्रचारांची उदाहरणे दिली, त्यात हाही होता.

हे कोडे सुटते ते शिडाच्या जहाजांवर.

इंग्रज खलाशांच्या बोलीत ‘बाय द विंड’ म्हणजे वाऱ्याच्या रोखाला जमेल तितके जवळ राहून जहाज हाकणे. चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्यावर थेट चाल करता येत नसे. होकायंत्राचे ३२ भाग मानले, तर वाऱ्यापासून साधारण सहा भाग, म्हणजे ६७ अंशांच्या आसपास, बाजूला राहूनच ते पुढे सरके. शिडे ताठ ओढलेली, आणि सुकाणूवाल्याची नजर सतत त्यांच्या कडेवर. जरा चूक झाली की वारा शिडाच्या पुढच्या अंगावर आदळे, शीड डोलकाठीला चिकटे, जहाज जागीच थबके. वारा जोराचा असेल तर डोलकाठीही मोडायची. ‘टेकन अबॅक’, म्हणजे एकदम चकित होणे, हा प्रयोगही याच संकटातून आला.

‘लार्ज’ ही सुखाची चाल. वारा मागच्या बाजूने येतो, शिडांचे दोर सैल सोडता येतात, सुकाणूवाल्याचा जीव टांगणीला लागत नाही.

१६६९ साली सॅम्युएल स्टर्मी याने नौकानयनावरच्या आपल्या ग्रंथात हे दोन्ही शब्द जोडून वापरले. चांगल्या हवेत आणि वाईट हवेत, ‘बाय अँड लार्ज’, जहाज कसे हाताळतात ते तुम्ही पाहिलेत, असे तो वाचकाला सांगतो. इथे अर्थ शब्दशः आहे: वारा समोरून असो वा मागून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रयोग ‘सगळ्या तऱ्हांनी’ अशा सैल अर्थाने दिसू लागतो आणि पुढे किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडी ‘सर्वसाधारणपणे’ या अर्थाने स्थिरावतो.

या प्रवासातला पालट मला फार महत्त्वाचा वाटतो. खलाशांच्या वापरात दोन्ही परिस्थिती पुरत्या सामावलेल्या होत्या, अपवादाचा प्रश्नच नव्हता. आज हा शब्दप्रयोग मुद्दाम अपवादाला वाट ठेवण्यासाठी येतो. ‘बाय अँड लार्ज, पाऊस चांगला झाला’ म्हणणारा काही तालुके कोरडे राहिल्याचे मान्यच करत असतो. म्हणूनच नेमक्या आकड्याला किंवा एकट्या घटनेला तो जोडला की खटकतो. ‘बाय अँड लार्ज गाडी ९.४०ला सुटली’ हे चालत नाही. ‘गाड्या बाय अँड लार्ज वेळेवर सुटतात’ हे चालते.

वाऱ्याचा संदर्भ विसरला गेल्यामुळे आता खुद्द इंग्रजी भाषकही ‘बाय इन लार्ज’ किंवा ‘बाय एन्लार्ज’ असे लिहून जातात. दोन्ही चुकीचे. मधला ‘अँड’ दोन वाऱ्यांना जोडतो, तो गाळता येत नाही.