मझालाई : गोबीच्या झऱ्यांवर तगलेलं अस्वल

मंगोलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, चीनच्या सरहद्दीला लागून गोबीचा जो भाग आहे, तिथे वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. हिवाळ्यात पारा उणे तिसाच्याही खाली उतरतो, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी एक तपकिरी अस्वल राहतं. मंगोलियन लोक त्याला मझालाई म्हणतात. त्याचं जवळचं नातं निघतं ते हिमालयी तपकिरी अस्वलाशी, म्हणजे आपल्याकडे द्रास, झंस्कार भागात दिसणाऱ्या अस्वलाशी.

बाहेरच्या जगाला त्याचा सुगावा लागला तो १९००च्या सुमारास, कोझलोव्हच्या रशियन मोहिमेत. प्रत्यक्ष पाहिल्याची खात्रीशीर नोंद मात्र १९४३ची. १९५३ साली मंगोलियाने त्याच्या शिकारीवर बंदी घातली. एवढ्या लवकर बंदी येऊनही संख्या सावरली नाही, कारण खरी अडचण बंदुकीची नव्हती, पाण्याची होती. या मुलखात झरे मोजके. अतास बोग्द, शार खुल्स आणि त्सागान बोग्द या तीन डोंगरी भागांतल्या झऱ्यांभोवतीच अस्वलाचं सगळं आयुष्य फिरतं. गुराख्यांचे कळप जसजसे पाणवठ्यांपर्यंत पोचले, तसतसं अस्वल मागे हटत गेलं. १९७५ साली ‘ग्रेट गोबी’ संरक्षित क्षेत्र जाहीर झालं, तोवर त्याचा बराच मुलूख हातचा गेला होता.

खाणं तरी काय? रेवंदचिनीच्या जातीतल्या एका रानटी वनस्पतीची मुळं, रानकांदा, गवताचे कोंब, खारट जमिनीतल्या झुडपांची फळं, थोडे किडे. मांस नावापुरतंच. त्यामुळे पूर्ण वाढलेला नरही शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. मादी त्याच्या निम्म्याने. पाऊस हुकला की मुळं नाहीत आणि फळंही नाहीत. १९९३पासून पुढे चौदाएक वर्षं दुष्काळ पडला आणि पाऊस निम्म्यावर आला. भुकेल्या मादीला पिल्लं होत नाहीत, झाली तरी जगवणं कठीण. म्हणून झऱ्यांजवळ धान्याच्या गोळ्यांची पिंपं ठेवायची पद्धत १९८०च्या दशकापासून चालू आहे. वसंतात अस्वलं झोपेतून उठतात तेव्हा बाहेर खायला काहीच नसतं, आणि पिंपांचा खरा उपयोग होतो तो याच दिवसांत.

याच पिंपांनी मोजणीही सोपी केली. भोवती काटेरी तार लावली की खायला आलेल्या अस्वलाचे केस तिला अडकतात. त्या केसांच्या जनुकीय तपासणीवरून २००९ नंतरच्या काळात अंदाज निघाला : २२ ते ३१. त्यातही माद्या कमी. २००५पासून काही अस्वलांच्या गळ्यात उपग्रह-पट्टेही घातले गेले. ती एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना किती लांब पायपीट करतात, हे त्यातून कळलं.

मंगोलियन सरकारने २०१३ हे वर्ष मझालाईच्या संरक्षणासाठी जाहीर केलं. २०१७ साली अवकाशात गेलेल्या देशाच्या पहिल्या उपग्रहालाही त्याचंच नाव दिलं. हे प्रेम खरं आहे, पण सोन्याची हावही तितकीच खरी आहे. संरक्षित क्षेत्रात चोरून सोनं खणणाऱ्यांना पाणी लागतं, म्हणून ते तळ ठोकतात झऱ्यांपाशीच, आणि माणसाचा वावर असला की अस्वल पाण्यावर येत नाही. एवढ्या अफाट पसाऱ्यावर मूठभर वनरक्षक कसे पुरणार? जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात मझालाई नाही. जी काही आहेत ती या तीन डोंगरांतच, म्हणून तिथल्या प्रत्येक झऱ्यावर पहारा हवा.