नदी कायद्याने ‘व्यक्ती’ झाली म्हणजे माणसाच्या बरोबरीची झाली का?

2017 मध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती मानलं तेव्हापासून ही गल्लत सारखी दिसते, लोक म्हणतात बघा, आता नदी आणि माणूस एकाच पातळीवर आले. तसं नाहीये.

कायदेशीर व्यक्ती म्हणजे जिच्या नावावर मालमत्ता असू शकते, जिच्या नावाने कोर्टात केस लढता येते. आपल्याकडे कंपनी अशी व्यक्ती आहे, देवळातला देवसुद्धा आहे, पण कंपनी बंद पडणं आणि माणूस जाणं हे कोणी एका मापाने मोजत नाही. व्हांगानुईच्या वतीने दोघंजण बोलतात, एक तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी सुचवलेला, एक सरकारने. त्याच वर्षी उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं पण पालक म्हणून नेमले सरकारी अधिकारीच, आणि मग राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं की पुरात कोणाचा जीव गेला तर भरपाई नदीकडून मागायची का? जुलैत निकालाला स्टे मिळाला. या सगळ्यात नदीचं मोल माणसाइतकं आहे का हा प्रश्न कुठेच नव्हता, नदीच्या वतीने बोलणार कोण एवढाच होता.

बरोबरीचा प्रश्न खरा कुठे येतो तर जुन्नरच्या उसात. तोड सुरू झाली की सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात, मग वन विभागाची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाईल म्हणून लांबून वाट बघतात. हीच आई माणसांच्या जिवावर उठली तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 11 लागतं: पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही असं दिसलं, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारायची परवानगी देऊ शकतात. माणसाच्या बाबतीत असा आदेश खटल्याशिवाय कोणीच काढू शकत नाही, म्हणजे बरोबरी नाहीच.

आणि मला हे पटतं, कारण उसाच्या कडेला लेकरू घेऊन खुरपणाऱ्या बाईला तिचा आणि बिबट्याचा जीव सारखाच असं सांगायची माझी हिंमत नाही आणि ते खरंही वाटत नाही. पण बरोबरी नाही म्हणून बिबट्याची किंमत शून्य, हे तर अजिबातच मान्य नाही, गोळीच्या आधी कायद्याने तीन वाटा तपासायला लावल्यात त्या उगाच नाहीत.