मुक्तिदायी शिक्षण : पाउलो फ्रेरे यांची साक्षरता पद्धत

शोषित विद्यार्थ्याला अक्षरांबरोबर स्वतःची परिस्थितीही वाचता यावी, तिची कारणे शोधता यावीत आणि ती बदलण्यासाठी पाऊल उचलता यावे, या हेतूने दिलेले शिक्षण म्हणजे मुक्तिदायी शिक्षण. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे (१९२१–१९९७) यांनी प्रौढ साक्षरतेसाठी त्याची तपशीलवार पद्धत घडवली. शिक्षकाने माहितीची ठेव ठेवायची आणि विद्यार्थ्याने ती परीक्षेपुरती सांभाळायची, या रीतीला ते ‘बँक पद्धत’ म्हणत.

पद्धतीला राजकीय धार होतीच. ब्राझीलमध्ये निरक्षरांना १९८५पर्यंत मताधिकार नव्हता, म्हणजे शेतमजूर वाचायला शिकला की मतदार होऊ शकत असे. १९६३मध्ये ईशान्येकडील अँजिकोस गावी सुमारे ३०० प्रौढांसाठी ४० तासांचा वर्ग चालला. तो अमेरिकी मदतनिधीतून उभा राहिला होता, हे आज विचित्र वाटते. त्यानंतर देशभर असे २०,००० वर्ग काढायची योजना होती, पण १९६४च्या लष्करी उठावाने ती मोडली. फ्रेरे तुरुंगात गेले, पुढे परागंदा झाले.

वर्गाला ‘सांस्कृतिक मंडळ’ आणि शिक्षकाला ‘समन्वयक’ म्हणत. काम वर्गाच्या आधीच सुरू होते. शिकवणाऱ्यांचा गट वस्तीत राहून लोकांचे बोलणे टिपतो : कामाचे, भुकेचे, कर्जाचे, सणावाराचे शब्द. त्यातून साधारण १६-१७ ‘जनक शब्द’, म्हणजे ज्यांच्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवता येतात असे शब्द, निवडतात. निवडीच्या कसोट्या तीन : शब्दात भाषेतील जास्तीत जास्त ध्वनी यावेत, उच्चार-लेखनाची अडचण सोप्याकडून कठीणाकडे वाढावी आणि शब्दाला लोकांच्या जगण्यातला भार असावा. रिओ परिसरासाठीच्या यादीत झोपडपट्टी, पाऊस, विहीर, पगार, सरकार, कुदळ असे शब्द होते.

प्रत्येक शब्दासाठी एक चित्र काढतात. ते काढणे सर्वांत अवघड. प्रसंग ओळखीचा हवा, पण अर्थ उघडावाघडा नको. फार स्पष्ट चित्र प्रचारफलक होते, फार गूढ चित्र कोडे होऊन बसते. शब्दांना हात घालण्यापूर्वी आणखी दहा वेगळ्या चित्रांवर चर्चा होई. ही मूळ चित्रे चित्रकार फ्रान्सिस्को ब्रेनँड यांची. शिकारी, मडके घडवणारे हात, शेवटी खुद्द मंडळच, अशा प्रसंगांतून निसर्गाने दिलेले काय आणि माणसाने घडवलेले काय, हा भेद पुढे येई. विहीर खणणारा, वीट भाजणारा आपणही संस्कृती घडवतो हे इथे लक्षात येते. ‘मला काय कळतंय’ म्हणणारा माणूस बोलू लागला नाही, तर पुढची अक्षरांची कार्डे निरुपयोगी.

‘तिजोलो’ (पोर्तुगीजमध्ये वीट) या शब्दाचा पाठ असा चाले. आधी बांधकामाचे चित्र. काय दिसते, हे काम कोण करते, घर कोणाला मिळते, कोणाला नाही, का? चर्चा पिकली की चित्राखाली शब्द, मग नुसता शब्द, मग ती-जो-लो असे तुकडे. त्यानंतर एकाच कार्डावर तीन ओळी : ता-ते-ती-तो-तू, जा-जे-जी-जो-जू, ला-ले-ली-लो-लू. मराठी वाचकाला बाराखडी आठवेल. फरक असा की इथे ओळी ओळखीच्या शब्दातून निघतात. या कार्डाला ‘शोधकार्ड’ म्हणत, कारण त्यातून नवे शब्द शिकणाऱ्यांनीच जुळवायचे : लुता (लढा), लोजा (दुकान), तातू (एक कवचधारी प्राणी). न बसणारी जुळणीही फळ्यावर लिहू द्यायची. तिला अर्थ आहे का, हे मंडळ ठरवते.

चूक बहुधा समन्वयकाकडून होते. कार्डांचे तंत्र थोड्या दिवसांत शिकवता येते, संवादाची सवय लागायला वेळ लागतो. शांतता पसरली की तो स्वतःच उत्तर देतो, तेथून व्याख्यान सुरू होते. क्रांतीची घोषणा पाठ करवून घेणे हीसुद्धा ठेवच. फक्त मजकूर वेगळा. उलट, समन्वयकाने काहीच न शिकवता नुसते ऐकत बसणेही फ्रेरे यांना मान्य नव्हते. दिशा, तयारी आणि विषयाचे ज्ञान त्याच्याकडे हवेच. तिसरी अडचण ४० तासांनंतरची : वाचायला साहित्य आणि लिहायला निमित्त नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसट होतात.

लष्करी राजवटीने १९६७मध्ये ‘मोब्राल’ नावाची साक्षरता संस्था काढली. जनक शब्द, चित्रे, अक्षरगट हे तंत्र तिने उचलले. शब्द मात्र वरून ठरवले आणि परिस्थितीची चिकित्सा गाळली. साधने तीच असूनही हे मुक्तिदायी शिक्षण ठरत नाही, कारण कोणता शब्द घ्यायचा आणि त्यावर काय बोलायचे हे शिकणाऱ्यांच्या हातून गेले.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाउ या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीत अडचण भाषेची आली. १९७०च्या दशकात, स्वातंत्र्यानंतर, तेथील सरकारला फ्रेरे सल्ला देत होते. साक्षरता पोर्तुगीजमधून द्यायची ठरली. बहुसंख्यांची बोलण्याची भाषा मात्र क्रिओल (पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून झालेली) किंवा स्थानिक आफ्रिकी भाषा. जे शब्द कोणी घरी-शेतात उच्चारतच नाही, त्यांवर चर्चा रंगत नाही आणि तुकडे जुळवूनही ओळखीचे काही निघत नाही. मोहिमेला फारसे यश आले नाही. क्रिओलमधून शिकवावे असे फ्रेरे यांचेही मत होते, पण तिची लेखनपद्धती तेव्हा पक्की झालेली नव्हती.